शुक्रवारचा बिनदुधाचा चहा

त्या चहात अफू नव्हती. बाकीचं सगळं ओळीनं सांगते, पण हे आधी.

गेल्या महिन्यात नातसुनेच्या माहेरच्या एक बाई आल्या होत्या. पानसुपारी झाली, गप्पा निघाल्या, आणि त्या सहज म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत पूर्वी एक चीनवाली राहायची म्हणे. चहातून बायकांना अफू पाजायची." माझ्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. महाराज गेले, संस्थान गेलं, त्या गल्लीतली निम्मी माणसं मातीत गेली, आणि ते खोटं मात्र अजून खाऊन-पिऊन धडधाकट आहे. ते ज्या कागदावर पक्कं झालं त्यावर माझी सही होती. म्हणून मलाच लिहायला हवं.

माझं माहेर नरसोबाच्या वाडीजवळ, नदीकाठाला. वडील शेतकरी. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा महाराजांना गादीवर येऊन बरीच वर्षं झाली होती. आमचे हे गल्लीतले पहिले इंग्रजी शिकलेले. महाराजांनी आमच्यासारख्यांच्या पोरांना शाळा उघडून दिल्या, त्यातून शिकून हे वर आले आणि कचेरीत कारकून झाले. सभांतून बोलायचे. जात, पंगत, सोवळं-ओवळं यांवर उभे राहिले की माणसं टाळ्या वाजवायची. "एका ताटात हात घातल्याशिवाय हा समाज एक व्हायचा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मलाही त्यांनी पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. वर्षभरात मी बाळबोध वाचू लागले, सही करायला शिकले. सासूबाई म्हणायच्या, "शिकून काय मामलेदारीन हुनार हाय व्हय?" हे हसायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

गल्लीच्या टोकाला एक कल्हईवाला राहायचा. साऱ्या गल्लीची भांडी त्याच्याकडे जायची. त्याची थोरली बहीण विधवा होऊन त्याच्याकडे आली. तिचा नवरा पलटणीतून सुटल्यावर हाँगकाँगला एका वखारीवर पहारेकरी होता, आणि ही अकरा वर्षं तिकडे त्याच्याबरोबर राहिलेली. नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. बाई बोटीनं मुंबईला आली, तिथून आगगाडीनं कोल्हापूरला. बरोबर एक पत्र्याची पेटी. तिच्यात चार लुगडी, भाकरीएवढ्या गोल, काळ्या, दाबून घट्ट केलेल्या चहाच्या वड्या, आणि बांबूच्या विणलेल्या पसरट टोपल्या, एकीवर एक बसणाऱ्या. कल्हईवाल्याची मुलं तिला फुफू, म्हणजे आत्या, म्हणायची, म्हणून आम्हीही फुफू म्हणायला लागलो. बाकी गल्ली चीनवाली म्हणायची.

एका शुक्रवारी मी कल्हईला दिलेली पातेली आणायला गेले. भाऊ जुम्म्याच्या नमाजाला गेला होता, भावजय धुणं घेऊन नदीला. फुफू चुलीपुढे एकटीच होती. पातेल्यात पाणी खदखदत होतं आणि त्यावर त्या टोपल्या चढवलेल्या. तिनं वरचं झाकण काढलं, वाफ गेली, आणि आत पांढरी, चकचकीत, बोटभर लांबीची पुडकी दिसली.

"ही तर आमची दिंडं की!" मी म्हणाले. नागपंचमीला आमच्यात चिरत नाहीत, तळत नाहीत. पुरणाची दिंडं उकडतात.

"दिंडंच म्हन," फुफू म्हणाली. "पन आत पुरन न्हाय. बस."

"नगं. उशीर हुतोय."

"मग उभी तरी राहू नगंस. समोर मानूस उभं असलं की मला घास उतरत न्हाय. तिकडं कुनी एकट्यानं चहा प्याला तर लोक इचारत्यात, काय गं, कुनाशी भांडलीस व्हय?"

मी बसले. बसल्यावर समोर बशी आली. आता खायचं की नाही? त्या दोन क्षणांत माझ्या मनात जे आलं ते अजून तसंच्या तसं आठवतं. आमच्या माहेरी बकरं कापायला मुलाणी लागतो. त्यानं कापल्याशिवाय मटण शिजत नाही. मोहरमात आमच्या घरातले पुरुष पंजाला खांदा देतात, नवस बोलतात. ह्याच घरातल्या माणसानं पातेल्याला आतून कल्हई लावली की ते पातेलं आमच्या चुलीवर चढतं. मग त्याच घरातल्या बाईनं त्यात काही शिजवलं तर मी बाटते ती कशी? मी खाल्लं.

तांदळाच्या उकडीची पातळ पारी, आत सुकी कोळंबी, आलं, कांद्याची पात. असं काही मी कधी खाल्लं नव्हतं, आणि तरी ते अगदी परकंही नव्हतं. मग तिनं चहा ओतला. दूध नाही, साखर नाही, गूळसुद्धा नाही. म्हशी दारात आणून धार काढून देणारं आमचं गाव!

"ह्यो चहा हाय का काढा?" मी म्हणाले.

"पी की गप."

जुन्या लाकडासारखा वास होता. पहिला घोट आवडला नाही. तिसऱ्याला आवडला.

पुढच्या शुक्रवारी मी चुलत जावेला घेऊन गेले. मग समोरची पाटलीणबाई आली, मग आणखी दोघी. पाच झालो. शुक्रवार हा अंबाबाईचा वार, बायकांना देवळात जायला कोणी अडवत नसे. देवीशी खोटेपणा नको म्हणून आधी खरोखरीच दर्शन घ्यायचं, ओटी भरायची, आणि येताना मागच्या बोळानं फुफूच्या दारात शिरायचं. तिचा भाऊ तेवढा वेळ मशिदीत असायचा.

तिकडे ह्याला काय म्हणतात ते फुफूनं सांगितलं होतं. यम-चा, म्हणजे चहा पिणं. नाव चहाचं, पण चहाबरोबर छोट्या छोट्या बशा येतात, एकेकीत दोन-तीन घास. पोट भरायला नव्हे. "जिवाला जरासं बरं वाटावं, यवढ्यापुरतं," ती म्हणायची. सगळ्या बशा मधे. माझी-तुझी असं काही नाही. तिच्या शेजारी कँटनकडची एक म्हातारी राहायची. ती पहाटे उठून चहाच्या एका दुकानासाठी ही पुडकी करून द्यायची. दुकानात पुरुष यायचे, पाळलेल्या पाखरांचे पिंजरे वर टांगायचे आणि तास न् तास बसायचे. बायका तिथं फारशा नसायच्या. म्हातारी म्हणायची, करायचं आपण आणि खायचं त्यांनीच? म्हणून दुकानाचं काम उरकलं की ती मागच्या पायरीवर स्वतःसाठी एक टोपली उतरवायची आणि फुफूला हाक मारायची. अकरा वर्षं दोघी त्या पायरीवर बसल्या. एकीची भाषा दुसरीला धड येत नव्हती.

फुफूनं कोल्हापुरात मिळेल त्यात सगळं बसवलं होतं. मुळा किसून तांदळाच्या पिठात कालवायची, वाफवायची आणि वड्या पाडून तव्यावर खरपूस करायची. गुळाचं सारण भरलेले गोळे तिळात घोळवून तळायची. तेलात पडले की ते टम्म फुगायचे आणि आम्ही पोरींसारख्या हसायचो. तिकडे कशाकशात डुकराचं मांस घालतात, ते तिनं कधीच शिवलं नव्हतं. म्हातारी तिच्यासाठी कोंबडीचं वेगळं करायची.

नियम थोडेच होते. स्वतःच्या कपात आधी चहा ओतायचा नाही, दुसरीच्या ओतायचा. किटली रिकामी झाली की झाकण अर्धं सरकवून ठेवायचं, म्हणजे पुन्हा भरायची खूण. कुणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटं दुमडून समोर टक टक वाजवायची. म्हणजे उपकार झाले. त्याचीही तिनं गोष्ट सांगितली होती. एक बादशहा वेष पालटून हिंडत होता. त्यानं आपल्या चाकराच्या कपात स्वतःच्या हातानं चहा ओतला. चाकरानं खरं तर पाया पडायचं, पण पडला असता तर बादशहा ओळखला गेला असता. म्हणून त्यानं दोन बोटं गुडघ्यांसारखी दुमडली आणि मेजावर टेकवली.

आता इथं मला एक सांगायचं आहे, आणि ते सांगताना अजून माझं डोकं तापतं. आम्ही पाचही जणी घरी सगळ्यांच्या शेवटी जेवायचो. पुरुष जेवले, मुलं जेवली, सासू जेवली की मग पातेल्याच्या तळाशी असेल ते आमचं. गरम भाकरी मी सासरी आल्यापासून खाल्ली नव्हती. करत होते रोज तीस. फुफूच्या दारात पहिल्यांदा कोणीतरी मला आधी वाढलं, गरम वाढलं, आणि मी खाताना समोर बसून विचारलं, "मीठ बरं हाय का?" चुलत जाऊ तिच्या पहिल्या दिवशी रडली होती. हे तीच पुढे विसरली. मी नाही विसरले.

असे पाच महिने गेले. मग पाटलीणबाईच्या पुतणीचं लग्न निघालं.

बायकांची पंगत बसली. आम्ही पाचजणी ओळीत शेजारी शेजारी. वरपक्षाकडचा एक पेन्शनर शिपाई कढी वाढत आला. माझ्या द्रोणात त्यानं कढी ओतली आणि माझी दोन बोटं आपोआप जमिनीवर वाजली. टक टक. पुढं जावेची. पुढं पाटलीणबाईची. म्हातारा थबकला, मागं वळला आणि मोठ्यानं हसला.

"आगं पोरींनू, ह्ये तर चिनी लोकांचं! पलटनीसंगं मी चीनला गेलतो की. हाँगकाँगात कुनी चहा वतला की असंच करत्यात. तुमी कुठं शिकला?"

बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण सगळी पंगत आमच्याकडे बघू लागली. आणि गल्लीत चीन पाहिलेलं माणूस एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले चार पुरुष कल्हईवाल्याच्या घरात शिरले. मी आमच्या दारातून पाहिलं. ते चौघे रोज सकाळी नाक्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला बसायचे. तिथं कप कोण विसळतं, कुणाच्या तोंडचा कप कुणापुढं येतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी फुफूच्या टोपल्या रस्त्यावर आणल्या आणि पायांनी चेंदल्या. मग एकाच्या हाताला चहाची काळी वडी लागली. त्यानं ती हुंगली, दुसऱ्याला दिली.

"अफू हाय ही."

"न्हाय ओ," फुफू म्हणाली. "चहा हाय. पान्यात टाकून बघा. म्या पिऊन दावते."

"चीनमधनं काय चहा आनतंय व्हय कोन? अफूच ती!"

तिनं खरंच एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि त्यांच्यासमोर चावून खाल्ला. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वड्या गटारात गेल्या. तिचा भाऊ हात जोडून उभा होता. मी दारातच उभी राहिले. पुढं जायला हवं होतं, गेले नाही. तो राग माझा माझ्यावर आहे आणि तो कुणी काढून घेऊ शकत नाही.

पंचांची बैठक मारुतीच्या देवळापुढे ठरली. त्याआधीच चौघींनी आपापली सोय लावली होती. जाऊ म्हणाली, मी फक्त दारात उभी राहायचे. पाटलीणबाई म्हणाली, तिथून आलं की मला गरगरायचं. बाकी दोघींना तर काही आठवतच नव्हतं. तिळाच्या गोळ्यांसाठी एकमेकींचे हात धरून ओढणाऱ्या बायका ह्या!

मला वाटलं होतं, आमचे हे उभे राहतील. दुसरं कोण राहणार? एका ताटात हात घालायचं वाक्य त्यांचंच. पण संध्याकाळी कचेरीतून आले ते एक कागद घेऊन.

"इथं सही कर."

कागद मोडीत होता. कचेरीत सगळं मोडीत चालायचं, आणि मला त्यांनी शिकवली होती ती बाळबोध. ती वळणावळणाची जोडलेली ओळ माझ्यासाठी नुसती रांगोळी होती.

"काय लिवलंय ह्यात?"

"काही नाही गं. पंचांपुढं द्यायची रीत असते. चूक झाली, क्षमा असावी, एवढंच. तुला तिथं बोलावं लागू नये म्हणून लिहून आणलं. सही कर, मी निभावून नेतो."

मी सही केली. सुबक केली. पाटीवर शंभर वेळा गिरवलेली सही आयुष्यात पहिल्यांदा कागदावर उतरत होती, तेव्हा कुठं कान्यात चूक होऊ नये याकडेच माझं लक्ष होतं. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं पुरुष कट्ट्यावर, बायका मागं भिंतीला. फुफू आणि तिचा भाऊ पायरीखाली. एका पंचानं कागद उघडला आणि खड्या आवाजात वाचला. सदर बाईनं चहात गुंगीचं द्रव्य घालून आम्हांस बोलावून नेलं, आमची शुद्ध हरपली असता अभक्ष्य खाऊ घातलं, त्यात आमचा दोष नाही. खाली सही. माझं नाव वाचलं.

फुफूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण चुकून दुसऱ्याच कुणाचं नाव ऐकलं की काय, अशी खात्री करून घ्यावी तसं.

मी उठले. आवाज मोठा निघाला. आमच्या नदीकाठच्या बायकांचा आवाज मोठाच असतो.

"ह्ये मी लिवल्यालं न्हाय."

"सही तुझी न्हवं?" पंच म्हणाले.

"सही माझी हाय. लिवल्यालं माझं न्हाय. मला मोडी येत न्हाय. त्या चहात अफू न्हवती. आमी पाचजनी ग्येलो, आमच्या खुशीनं ग्येलो, खाल्लं, प्यालो. कुनाची शुद्ध हरपली न्हाय. हरपली असती तर तिथनं येऊन तुमच्या भाकऱ्या कुनी थापल्या असत्या?"

भिंतीजवळच्या चौघींच्या माना खाली गेल्या. एकीनंही वर पाहिलं नाही. मी ह्यांच्याकडे वळले.

"तुमी सांगा की. एका ताटात हात घाला म्हनत हुता न्हवं?"

आमचे हे उभे राहिले. उपरणं सारखं केलं. सभेत बोलताना करायचे तसंच.

"पंचमंडळी," ते म्हणाले, "हिचं डोकं ठिकाणावर नाही. त्या द्रव्याचा अंमल अजून उतरलेला नाही, हे आपण पाहताच आहात."

आणि सगळ्यांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, बरंच वाटलं. मी खरं बोलले तोच अफूचा पुरावा झाला! माझ्या तोंडून निघालेला एकेक शब्द त्या बाईच्या विरुद्ध मोजला गेला. मी आणखी ओरडले असते तर आणखी अफू सिद्ध झाली असती. मी खाली बसले.

चौघींना नदीवर आंघोळ आणि तुळशीचं पान, एवढ्यावर शुद्ध केलं. मला बरं वाटेपर्यंत माहेरी धाडायचं ठरलं. आणि कल्हईवाल्याकडे गल्लीतलं एकही भांडं जायचं नाही, असं ठरलं. तो महिनाभर भाता घेऊन दारात बसायचा म्हणे, कोणी यायचं नाही. मग एका बैलगाडीत सामान घालून ते सगळे कबनूरला गेले. तिकडे त्यांचे नातलग कापड विणायच्या मागावर कामाला होते.

माहेरी वडिलांनी मला ओट्यावर बसवून विचारलं, "चहा प्यालीस का न्हाय?"

"प्याले."

"त्यात काय हुतं?"

"चहाच हुता, आबा."

"मग झालं की. प्याले म्हनून सांगितलंस, ब्येस केलंस. जावायबापूंनी येडी म्हनलं व्हय तुला?"

"व्हय."

ते पागोटं बांधत म्हणाले, "त्यास्नी हिकडं येऊ दे." एवढंच म्हणून शेतावर गेले.

सहा महिन्यांनी हे न्यायला आले. वडिलांनी त्यांना जेवू घातलं आणि हात धुवायच्या आत तोंडावर सांगितलं, "जावायबापू, शिकल्याल्या मानसानं बायकूच्या पाठीआड लिवू ने. आमी आडानी हाय, पन आमी असं करत न्हाय." ह्यांचा चेहरा पडला. मी परत जायला एकच अट घातली. मला मोडी शिकवायची. त्यांनी शिकवली. मुकाट्यानं शिकवली, आणि मीही मुकाट्यानं शिकले. त्या थंडीत आम्हा दोघांत दुसरं फारसं बोलणं झालं नाही.

दोन वर्षांनी चुलत जाऊ नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या स्वैपाकघरात आली. इकडचं-तिकडचं बोलून हळूच म्हणाली, "आगं, ती पातळ पारी कशी करायची गं? तांदूळ भिजत घालायचा का पीठच घ्यायचं?"

"तू तर दारात उभी राहायचीस," मी म्हणाले. "तुला कसली पारी?"

ती रागावून गेली. उलट तीच रागावली, हे बघा! आमचं बोलणं वर्षभर बंद होतं आणि गल्लीत दोष माझ्या तोंडाळपणाला.

मग वारं बदललं. महाराज स्वतः कुणाच्याही हातचं खातात-पितात हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्यांच्यापुढं जायचं तर सोवळ्याची बढाई चालेना. जे पुरुष टोपल्या चेंदायला गेले होते तेच आता आपण कुणाकुणाच्या घरी पाणी प्यालो ते चौकात सांगू लागले. ह्यांनाही बढती मिळाली. एकदा घरी चार पाहुणे आले, दोघे बाहेरगावचे. मी चहाचं तबक घेऊन दाराशी आले तेव्हा हे सांगत होते.

"आमच्या घरी हे फार आधी झालं. मी हिला एका मुसलमान बाईकडे चहाला पाठवत होतो. दर शुक्रवारी. गल्लीचा रोष पत्करला, पण मागं हटलो नाही."

मी आत गेले, तबक खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे खरं न्हाय."

पाहुणे हसले. "वहिनींना कौतुक केलेलं आवडत नाही," एकजण म्हणाला. हेही हसले. पहिल्या वेळी मी वेडी होते, आता विनयशील झाले. खरं बोलणारी बाई ह्या दोहोंपैकी काहीतरी असलीच पाहिजे. नुसती खरं बोलणारी चालत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न विचारता मी स्टेशन गाठलं, गाडीनं हातकणंगल्याला उतरले आणि तिथून भाड्याच्या छकड्यातून कबनूरला गेले. मागांचा खडखडाट लांबून ऐकू येत होता. कल्हईवाल्याच्या बहिणीचं घर कुठं म्हणून विचारलं तर पोरंसुद्धा बोट दाखवू लागली.

घरापुढं छपराखाली सात-आठ बायका बसल्या होत्या, मागावरच्या, कांड्या भरणाऱ्या. हाताला सूत चिकटलेलं. मधे बशा. फुफू केसांनी पांढरी झाली होती. चुलीवर नव्या टोपल्या होत्या, इथल्याच बुरुडानं विणलेल्या, जरा ओबडधोबड.

तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "या, पावणं."

पावणं आमच्याकडे वाटेवरच्या कुणालाही म्हणतात. "फुफू, वळखलं न्हाय व्हय?"

"वळखलं की. म्हनूनच पावणं म्हनले."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मोडीचं, सहीचं, देवळापुढचं, माहेरी धाडल्याचं. ती मुळा किसत ऐकत होती.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "म्या तिथंच हुते की. तू उठून बोललीस, ते बरं क्येलंस. पन सही आदी क्येलीस."

"मला वाचता येत न्हवतं. मी इचारलं हुतं ह्यास्नी, काय लिवलंय म्हनून."

"किती येळा?"

"येकदाच."

"माझ्याकडं पाच म्हयनं येत हुतीस, बेटी. दर खेपेला इचारायचीस, ह्यात काय घातलंय, त्यात काय घातलंय. म्या धा येळा सांगायची. नवऱ्याला दुसऱ्यांदा इचारायचं हुतंस."

ती ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "चुकलं." ती म्हणाली, "बस. निवतंय."

मला वेगळं पान नव्हतं, वेगळी बशी नव्हती. मागावरच्या दोघींनी सरकून मधे जागा केली. एकीनं माझ्या कपात चहा ओतला, बाजारातला साधा चहा, तसाच बिनदुधाचा. कुणीतरी विचारलं, "कोन गं ही?" फुफू म्हणाली, "कोल्हापूरची हाय. खाऊ द्या तिला." मी खाल्लं. मीठ बरोबर होतं.

निघताना ती म्हणाली, "पुढच्या खेपंला सकाळच्या गाडीनं ये. मुळा किसायला मानसं कमी पडत्यात."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, कुठं गेली होतीस. मी सांगितलं. "विचारून जायचं," ते म्हणाले. मी म्हणाले, "मी आता दर दोन-तीन म्हयन्यांनी जानार हाय. आन ती शुक्रवारची गोष्ट पुन्हा कुनापुढं सांगितली, तर त्या मानसाला मी देवळापुढची बी सांगीन." त्यानंतर त्यांनी ती कधी सांगितली नाही. माफीही मागितली नाही. चौघींपैकी एकीनंही मागितली नाही. सगळ्या सुखानं म्हाताऱ्या झाल्या.

महाराज गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात फुफू गेली. मला कळायला महिना लागला, कारण कबनूरहून आमच्या गल्लीत निरोप घेऊन यायला तिच्या घरचं कोणी तयार नव्हतं. त्यांचं काय चुकलं? मी गेले तेव्हा छपराखाली तिची भावजय आणि मागावरच्या बायका बसल्या होत्या आणि चूल पेटलेली होती. मी पदर खोचला आणि मुळा किसायला घेतला.